पुढच्या बाँडपटाचा खलनायक : प्रकल्प नोंदी

२९ जून २०२५, रविवार

आज वही उघडली. बुधवारी बातमी आली, पुढचा बाँडपट दिग्दर्शक डेनी व्हिलनव्ह करणार. रात्री जेवताना खलनायक कसा हवा, हा नेहमीचा वाद सुरू झाला आणि दादा म्हणाला, "दर वेळी बोलतो आणि विसरतो. या वेळी लिहून काढू." आम्ही चौघं आहोत. दादाने व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये वीसेक वर्षं काढली. वहिनी सीए. त्यांचा मुलगा बारावीत. आणि मी, त्याची आत्या, लिहिणारी.

वेळ चांगली आहे. बाँडपट काढणाऱ्या इऑन कंपनीच्या २५ चित्रपटांपैकी शेवटच्यात, २०२१ मध्ये, बाँड मरतो. त्याचा जुना शत्रू ब्लोफेल्डही त्यातच संपतो. पाटी कोरी आहे. नवा बाँड कोण, यावर सगळं जग बोलतंय. मला ओढ आहे ती त्याच्या समोरच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाची.

वहिनीने नियम घातला: एका कटाला एकच पान. पानावर चार उत्तरं हवीत. याच्या हातात आज काय आहे, याला हवंय काय, पैसा कोणाच्या खिशातून येणार, आणि हे काम पोलिसांचं न राहता बाँडचं का होतं. चौथ्या प्रश्नावर भाचा म्हणाला, "मग निम्मे खलनायक इथेच गळतील." गळू देत.

मुदत ५ ऑक्टोबर. १९६२ साली त्याच तारखेला 'डॉ. नो' लंडनमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला.

६ जुलै, आषाढी एकादशी

खिचडी खाऊन दुपारभर जुन्या बाँडपटांतल्या खलनायकांचे कट वहिनीच्या चार प्रश्नांतून काढले. मला वाटलं होतं तासाभराचं काम आहे. संध्याकाळ झाली.

सर्वांत जास्त वेळ 'गोल्डफिंगर'वर गेला, आणि तो सार्थकी लागला. मूळ कादंबरीत खलनायक गोल्डफिंगरला फोर्ट नॉक्समधलं, म्हणजे अमेरिकी सरकारच्या तिजोरीतलं, सोनं चोरायचं असतं. १९६४ च्या चित्रपटात बाँड त्यालाच गणित ऐकवतो: १५ अब्ज डॉलरचं सोनं, वजन १०,५०० टन, ६० माणसांना ते २०० ट्रकांत भरायला १२ दिवस लागतील, आणि लष्कर यायच्या आत तुझ्या हातात फार तर दोन तास. मग उलगडतं की त्याला चोरायचंच नाही. तो आत किरणोत्सर्गी बाँब फोडणार, तिथलं सोनं ५८ वर्षं कोणाच्या कामाचं राहणार नाही, आणि त्याच्या स्वतःच्या सोन्याचा भाव कित्येक पट होणार.

वहिनी पेन खाली ठेवून म्हणाली, "याचा ताळेबंद जुळतो." तिच्याकडून एवढी शाबासकी मी क्वचित ऐकली आहे. लेखकांनी कादंबरीतली अडचण लपवली नाही, बाँडच्या तोंडी घातली आणि तिच्यातूनच आणखी चांगला कट काढला. दुसऱ्याचं नेण्यापेक्षा दुसऱ्याचं निकामी करणं स्वस्त पडतं, हे यातून कळलं आणि पानाच्या डोक्यावर लिहून ठेवलं.

याच कसोटीला कनांगा उतरला (१९७३): दोन टन हेरॉइन फुकट वाटायचं, बाकीचे धंद्यातून उठले की भाव आपल्या हातात. झोरिनही (१९८५): सिलिकॉन व्हॅली पाण्याखाली घालायची, म्हणजे चिप विकणारा एकटा आपण. २००८ चा ग्रीनही, जो बोलिव्हियाचं पाणी जमिनीखाली अडवून सरकारलाच विकतो. त्याच देशातल्या कोचाबांबा शहरात २००० साली पाण्याच्या खासगीकरणाविरुद्ध लोक खरोखर रस्त्यावर उतरले होते, म्हणून ते पान वाचताना जड वाटलं.

ड्रॅक्स आणि स्ट्रॉमबर्ग नापास. माणसं संपवून अंतराळात नाही तर समुद्राखाली नवं जग वसवायचं, तर त्या जगात गिऱ्हाईक कोण? दादाला हे सहन झालं नाही. स्ट्रॉमबर्गचं पाणबुड्या गिळणारं तेलवाहू जहाज त्याला फार आवडतं. मलाही आवडतं. ते जहाज ठेवू, हिशोब दुसरा आणू, एवढ्यावर मिटलं.

१३ जुलै

आमची पहिली पानं. बहुतेक बाद.

भाच्याचं पान: स्वतःचं डोकं चालवणारी यंत्रबुद्धी. दुसऱ्या एका हेरमालिकेने नुकतंच ते केलंय, आणि बाँडच्या समोर जेवायला बसणारं कोणी हवं. त्या जेवणाशिवाय बाँडपट होत नाही, यावर चौघांचं एकमत.

माझं पान: नॉर्वेतल्या स्वालबार्डची बियाण्यांची तिजोरी. २००८ पासून बर्फाळ डोंगरात जगभरच्या पिकांचं बियाणं जपून ठेवलंय. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळच्या संस्थेला २०१५ मध्ये तिथून पहिल्यांदा बियाणं परत मागवावं लागलं. दृश्य म्हणून फार सुंदर, पण पिकं यायला हंगाम लागतो आणि चित्रपटाच्या हातात अडीच तास. जड मनाने बाजूला ठेवलं.

वहिनीचं पान: नॉर्थ कॅरोलिनातलं स्प्रूस पाइन. चिपसाठी सिलिकॉन वितळवायच्या मुशीला लागणारा अतिशुद्ध क्वार्ट्झ मुख्यतः त्या एका छोट्या गावच्या खाणींतून येतो, आणि सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळाने तिथलं काम बंद पडलं होतं. हिशोब चोख. पण झोरिनची सावली दाट. राखीव.

जीपीएस चुकवणारा: १९९७ च्या बाँडपटात झाला. त्यातल्या कार्व्हरने ब्रिटिश युद्धनौका अशीच वाट चुकवून नेली होती.

२० जुलै

दादाचं पान आलं. त्यावर एकच ओळ होती: "समुद्रतळाची केबल."

मग तो तासभर बोलला. चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, केबल जांभळट नागमोडी रेघेने दाखवलेली असते आणि तिच्यावर नांगर टाकायचा नाही, हे कोणत्याही डेकवरच्या पोराला माहीत असतं. दुरुस्तीवरचं जहाज दिवसा एकाखाली एक गोळा, चौकट, गोळा अशा काळ्या आकृत्या टांगतं, रात्री लाल-पांढरा-लाल दिवे लावतं: मला हलता येत नाही, तुम्ही वाट सोडा. दादाने अरबी समुद्रात एकदा असं जहाज रात्रभर एका जागी उभं पाहिलं होतं. "सगळी जहाजं त्याला वळसा घालून जात होती. विचारायचं कोणी नाही, तू इथे काय करतोयस."

भाच्याला वाटत होतं की इंटरनेट उपग्रहातून येतं. देशादेशांमधला जवळजवळ सगळा डेटा तळावरच्या या केबलींतूनच जातो, आणि खोल समुद्रात तिची जाडी बागेतल्या पाण्याच्या नळीएवढी. दरवर्षी दीडशे ते दोनशे ठिकाणी ती बिघडते, आणि बहुतेक वेळा कारण असतं मासेमारीची जाळी किंवा ओढला गेलेला नांगर.

वहिनीने चारही प्रश्न विचारले. खलनायक केबल तोडणार. बरं, मग? पैसा कोण देणार? खंडणी मागितली तर तो १९६५ च्या 'थंडरबॉल'मधल्या बाँबचोरांसारखाच एक. आम्ही गप्प.

३ ऑगस्ट

सापडलं. अंगावर काटा आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि ओळ वहिनीची आहे, म्हणून तिच्याच शब्दांत: "तोडणारा कशाला हवा? तोडायला समुद्र आहे. आपला माणूस जोडणारा."

जगभरात केबलजहाजं काही डझनच. एकेका समुद्रपट्ट्यातल्या केबल कंपन्या मिळून दुरुस्तीच्या जहाजाला वर्षाचा ठराव देतात: बंदरात सज्ज राहायचं, बोलावणं आलं की ठरल्या वेळात निघायचं. आमचा माणूस ही जुनी जहाजं एकेक करून विकत घेतो. कोणाला शंका येत नाही, कारण धंदा कष्टाचा आहे आणि नफा बेताचा. दहा वर्षांनी सुएझपासून मलाक्कापर्यंत कुठेही केबल तुटली तरी बोलावणं त्यालाच जातं. आणि तीन केबली एकाच आठवड्यात तुटल्या, तर आधी कोणती जोडायची हे ठरवणारा तोच.

तो रांगेचा मालक आहे. गोल्डफिंगरला दुसऱ्याचं सोनं निकामी करायला बाँब लागला, याला फक्त उशीर पुरतो. स्वतःची केबल लवकर जोडून घ्यायचे पैसे कोणीही देईल, त्यात नवीन काही नाही. याचा खरा नफा दुसरीकडे आहे: दुसऱ्याची केबल तुटलेलीच राहावी म्हणून पैसे देणारे. निवडणुकीच्या आठवड्यात एखाद्या बेटावरचं सरकार. शेअरबाजारातला एखादा मोठा सटोडिया, ज्याला समोरचा बाजार दोन दिवस आंधळा हवा आहे.

चौथ्या प्रश्नाचंही उत्तर मिळालं. जहाज एका देशाच्या झेंड्याखाली, मालक दुसऱ्या देशात, केबल तिसऱ्याची, पाणी कोणाचंच नाही. कोणत्या पोलीस ठाण्यात तक्रार करणार?

१० ऑगस्ट

इतिहास गोळा करायला बसले आणि उठवेना.

१८७० साली कॉर्नवॉलमधल्या पोर्थकर्नो या चिमुकल्या खाडीतून निघालेली तारेची केबल जिब्राल्टर, माल्टा, सुएझ, एडन असे टप्पे घेत मुंबईला जोडली गेली. मुंबई ते एडन हा टप्पा टाकला 'ग्रेट ईस्टर्न'ने, त्या काळच्या जगातल्या सर्वांत मोठ्या जहाजाने, आणि ती सुरुवात मुंबईकडून झाली होती. म्हणजे आमच्या कथेत मुंबई ओढूनताणून आणावी लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांपासून वाचवायला पोर्थकर्नोचं स्थानक टेकडी पोखरून बोगद्यात हलवलं होतं. आता तिथे संग्रहालय आहे. ब्रिटिश किनारा, टेकडीच्या पोटातले बोगदे, समुद्रात उतरणाऱ्या तारा. बाँडपटाला आणखी काय हवं?

आणि हेरगिरीची तर ही जन्मजागाच. ब्रिटनने युद्ध पुकारल्यावर काही तासांतच, ५ ऑगस्ट १९१४ च्या पहाटे, 'अलर्ट' नावाच्या केबलजहाजाने इंग्लिश खाडीतल्या जर्मन केबली गळाने वर ओढून तोडल्या. जर्मनांना निरोप दुसऱ्यांच्या तारांवरून पाठवावे लागले, आणि १९१७ चा जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमानचा गुप्त तार-संदेश ब्रिटिश नौदलाच्या खोली क्रमांक ४० मधल्या लोकांनी वाचला. पुढच्या युद्धात त्याच नौदल गुप्तहेर खात्यात, खोली क्रमांक ३९ मध्ये, बाँडचा लेखक इयन फ्लेमिंग काम करत होता. बाँडच्या घराण्याची नाळ या केबलीशीच जोडलेली आहे, असं मला आज पहिल्यांदा जाणवलं.

आणखी एक. समुद्री केबलींच्या रक्षणाचा करार १८८४ चा, म्हणजे बल्बच्या बालपणातला. त्यातल्या अधिकारानुसार २६ फेब्रुवारी १९५९ रोजी अमेरिकी युद्धनौकेवरचे लोक न्यूफाउंडलंडजवळ एका सोव्हिएत मासेमारी जहाजावर चढले होते, केबल तोडल्याच्या संशयावरून. हे बाँडच्या वरिष्ठांच्या तोंडी घालू: "तोडल्याबद्दल आपण जहाजावर चढू शकतो. न जोडल्याबद्दल नाही."

२४ ऑगस्ट

आज खलनायकाचा चेहरा. इथे माझं मत ठाम होतं आणि मी ते सोडलं नाही.

चेहऱ्यावर व्रण नको. १९६७ चा ब्लोफेल्ड, १९९५ चा ट्रेव्हल्यान, २००६ चा ल शिफ्र, २०१२ चा सिल्व्हा, २०२१ चा साफिन: भाजलेलं, चिरलेलं, झिजलेलं शरीर म्हणजे दुष्ट मन, हे समीकरण साठ वर्षं चाललंय. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये जाहीर केलं की खलनायकी दाखवायला चेहऱ्यावरचे व्रण वापरणाऱ्या चित्रपटांना ते पैसे देणार नाहीत. भाच्याच्या वर्गातल्या एका मुलीचा गाल लहानपणी भाजलाय. पोरं तिला काय म्हणतात, हे त्याने सांगितलं. विषय तिथेच संपला.

परदेशीपणाही नको. 'डॉ. नो'मध्ये जोसेफ वाइजमन या गोऱ्या नटाला रंगवून अर्धचिनी केलं होतं. १९८३ च्या 'ऑक्टोपसी'त अफगाण राजपुत्र झाला फ्रेंच लुई जूर्दां. तो चित्रपट मला अजूनही प्रिय आहे: उदयपूरचं तळ्यातलं पांढरं हॉटेल, कबीर बेदीचा गोबिंदा, रिक्षा हाकताना टेनिसच्या रॅकेटने फटके देणारा विजय अमृतराज. पण त्यातला भारत खिळ्यांच्या गादीचा आणि निखाऱ्यांवर चालणाऱ्यांचा. आमच्या कथेतली मुंबई कामाला लागलेली दिसेल.

मग तो कसा? ब्रिटिश, साठीचा, नीटस, राणीकडून 'सर' किताब मिळालेला, पोर्थकर्नोच्या संग्रहालयाला देणग्या देणारा. त्याचे वडील केबलजहाजावर जोडारी होते आणि बोटं गमावून घरी बसले. कंपनीने विचारपूस केली नाही. तो मनापासून मानतो की जगाने या कामाची किंमत कधीच दिली नाही, आणि आता तो ती वसूल करतोय. मला तो आवडायला लागलाय. तसंच हवं.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. काम बंद.

७ सप्टेंबर

काल विसर्जन. ढोल अजून कानात आहेत, आणि सकाळी भाचा फोन घेऊन धावत आला.

तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबली तुटल्यात. सी-मी-वी-४ आणि आयएमईडब्ल्यूई, दोन्ही मुंबईला येणाऱ्या. भारत, पाकिस्तान, आखाती देश, सगळीकडे इंटरनेट मंदावल्याच्या बातम्या. मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडची वाहतूक लांबच्या वाटेने वळवली. दादाने निमूटपणे चार्टचं जुनं पुस्तक काढलं आणि जागेवर बोट ठेवलं.

सुरुवातीला आम्ही हरखलो, ते कबूल केलं पाहिजे. मग ते ओसरलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच समुद्रात 'रुबीमार' या मालवाहू जहाजावर येमेनमधल्या हुथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र आदळलं. खलाशांनी जहाज सोडलं, ते नांगर ओढत भरकटलं आणि बुडालं. तीन केबली तुटल्या, त्या बहुधा त्याच नांगराने. युद्धाच्या पाण्यात दुरुस्तीचं जहाज न्यायला परवानगी कोण देणार, विमा कोण काढणार, यात महिने गेले. उशीर हाच गुन्हा, ही आमची कल्पना आहे असं मी धरून चालले होते. तिथे तो कोणाच्या कटाशिवाय, नुसत्या कागदपत्रांनी घडला.

यामुळे पटकथा बदलावी लागली, आणि ती सुधारली. आधीच्या आराखड्यात आमचा माणूस एक केबल स्वतः तोडायचा, म्हणजे बाँडला पुरावा मिळायचा. ते दृश्य आज काढून टाकलं. तो काहीच तोडत नाही. तो वाट बघतो.

पण मग त्याला पकडणार कसं? वहिनीने उत्तर दिलं, आणि ते तिच्या पेशातलं आहे: दोन वह्या. जहाजाच्या लॉगबुकात लिहिलंय की वाऱ्यामुळे चार दिवस काम थांबलं. इंजिनरूमच्या लॉगमध्ये, जो वरच्यांनी बदलायचा राहिला, डिझेलचा खप शांत समुद्राचा आहे. दादा उठून उभाच राहिला. "इंजिनरूमचा लॉग कोणी वाचत नाही," तो म्हणाला, "म्हणून तो खरा असतो."

१४ सप्टेंबर

शेवटचा प्रसंग. या मालिकेची रीत अशी की शेवटी खलनायकाचा तळ उडतो. १९६७ मध्ये सेट उभारणाऱ्या केन अ‍ॅडमने पाइनवुड स्टुडिओत आख्खा ज्वालामुखी उभा केला, तो उडाला. स्ट्रॉमबर्गचं जहाज उडालं. आमच्या कथेत मात्र जहाज बुडून चालणार नाही, कारण तुटलेली केबल जोडू शकणारं त्या समुद्रात तेवढंच एक आहे.

दादाने पायऱ्या सांगितल्या, मी लिहिल्या. गळ तळावरून ओढत नेतात. केबल अडकली की ती कापून एक टोक वर घेतात, तपासतात, तरंगत्या बोयाला बांधून सोडतात. मग दुसरं टोक. मध्ये नवा तुकडा. काचेचे केसाएवढे तंतू विजेच्या ठिणगीने एकमेकांत वितळवायचे, वरून प्लास्टिकचं आवरण घडवायचं, जोडाचा एक्स-रे काढायचा. कित्येक तास. तोवर जहाजाने थ्रस्टरच्या, म्हणजे बाजूला ढकलणाऱ्या पंख्यांच्या, जोरावर एका जागी उभं राहायचं. किनाऱ्यावरून केबलला हजारो व्होल्ट वीज दिलेली असते. जोड चालू असताना ती बंद हवी, आणि बंद आहे याची खात्री करणारा एक जबाबदार माणूस असतो.

तर प्रसंग असा. जोडखोलीत एक मध्यमवयीन जोडारी बाई, डोळ्याला भिंग लावून. तिचे हात थरथरता कामा नयेत. बाहेर मारामारी, खाली इंजिनरूममध्ये थ्रस्टर बंद पाडायला निघालेली माणसं, किनाऱ्यावर वीज सुरू करायला बसलेला खलनायकाचा हस्तक. बाँडला कोणाला मारून मोकळं होता येत नाही. त्याला सहा तास एका बाईला शांतपणे काम करू द्यायचंय. भाच्याने इंजिनरूमचं दृश्य एका बैठकीत लिहिलं, दादाने फक्त तापमान दुरुस्त केलं: ४५ अंश.

आणि खलनायक? तो शेवटी जोडखोलीच्या दाराशी येतो, बाईचे हात बघतो आणि थबकतो. त्याच्या वडिलांचं काम आहे ते. तो काय करेल, यावर आमचं भांडण झालं. अजून मिटलेलं नाही.

२८ सप्टेंबर

प्रत्येक पानावर तारीख आणि कल्पना कोणाची ते घातलं. कारण केव्हिन मॅक्लोरीची हकिकत वाचली. १९५९ च्या सुमारास फ्लेमिंग, मॅक्लोरी आणि जॅक व्हिटिंगहॅम यांनी मिळून एक पटकथा रचली. ती पडद्यावर गेली नाही. फ्लेमिंगने त्यावरून 'थंडरबॉल' कादंबरी काढली, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि १९६३ मधल्या तडजोडीत चित्रपटाचे हक्क मॅक्लोरीला मिळाले. १९८३ मध्ये 'ऑक्टोपसी'च्याच वर्षी त्याच हक्कांतून शॉन कॉनरीचा वेगळा बाँडपट आला. हक्कांचा वाद पुरता मिटायला २०१३ उजाडलं. एका गप्पांच्या मैफलीतून निघालेला खलनायक, आणि अर्धं शतक वकिलांच्या घरी.

आमची फाइल कोणत्याही स्टुडिओला जाणार नाही. पण "जोडणारा" हा शब्द वहिनीचा आहे, हे वहीत राहिलं पाहिजे.

२ ऑक्टोबर, दसरा

पाटीपूजनाला फाइल ठेवली, शेजारी दादाचा मोठा पाना आणि वहिनीचा कॅल्क्युलेटर. आपट्याचं पान फाइलीतच राहू दिलं.

५ ऑक्टोबर, रविवार

फाइल पुरी. ६३ पानं. राहिलेलं: खलनायकाचं नाव (ब्रिटिश आडनावांची यादी भाच्याकडे), आणि दाराशी थबकल्यावर तो काय करतो ते. दादा म्हणतो तो मागे फिरेल. वहिनी म्हणते तो आत येऊन भिंग सरळ करेल आणि मगच पिस्तूल काढेल. मी वहिनीच्या बाजूने आहे.

सुरुवातीचं दृश्य मी काल रात्री पुन्हा लिहिलं. पहाट, वर्सोवा कोळीवाडा. होडी परत येतेय. जाळं जड लागतं म्हणून दोघं भाऊ ओढतात, आणि वर येते ती चिखलाने माखलेली काळी केबल. धाकटा कोयता उचलतो. थोरला त्याचा हात धरतो: "थांब रं. कोणाची तरी असंल." ते ती परत पाण्यात सोडतात. दूर क्षितिजावर लाल-पांढरा-लाल, तीन दिवे एकाखाली एक.